कावळा, फांदी आणि आर्थर रोड

१८९६ च्या ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोगांच्या हॉस्पिटलवर चालून गेले. आज आपण त्याला कस्तुरबा हॉस्पिटल म्हणतो. एका कामगार बाईला तिच्या मनाविरुद्ध तिथे नेल्याचे निमित्त झाले होते. सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला, महापालिकेने रोग्यांना सक्तीने वेगळे काढण्याचा हुकूम सोडला, आणि मग चाळीचाळींतून एकेक वार्ता फिरू लागली. हॉस्पिटलात माणसे बरी करत नाहीत, मारतात. मेलेल्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात. एस्प्लनेडवरच्या राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले ना, त्याचा राग म्हणून राणीने इथल्या माणसांची काळजे मागवली आहेत.

हे वाचून हसू येते. अडाणी लोक, दुसरे काय! पण असे म्हटले की विचार तिथेच थांबतो, आणि या प्रकरणात तो थांबवायचा नाही. त्यापेक्षा त्या कामगारांची बाजू एखाद्या वकिलाने लढवावी तशी तपासून पाहू. हॉस्पिटलात गेलेला माणूस सहसा परत येत नव्हता, हे खरे होते का? होते. सरकारी माणसे घरात शिरून रोगी उचलून नेत होती का? होती. पुतळ्याला डांबर फासले गेले होते का? फासले गेले होते. ते आपणच केले असे पुढे दामोदर चापेकरांनी लिहून ठेवले. म्हणजे अफवा ज्या खांबांवर उभी होती ते खांब बहुतेक पक्के होते. ढासळत होता तो खांबावरून तुळईकडे जाणारा सांधा. ‘तिथे नेलेले मरतात’ इथून ‘तिथे नेल्यामुळे मरतात’ इथपर्यंत मन एका उडीत गेले. या उडीला तर्कदोष म्हणतात. आपल्या नैयायिकांनी हेत्वाभास हा शब्द वापरला: कारणासारखे दिसते, पण कारण नसते.

आता त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. प्लेगवर औषध नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत रोगी पडला, तर घरचे त्याला होता होईल तो लपवत, कारण एकदा नेला की गेला. शेवटी झाकणे अशक्य होई तेव्हा पथक येई आणि अर्धमेल्या माणसाला डोलीत घालून नेई. साहजिकच हॉस्पिटलाच्या वाट्याला येत ते बहुतेक शेवटच्या घटकेचे रोगी. ते मरत. त्यांच्या मरणाने भीती वाढे, भीतीने लपवाछपवी वाढे, लपवाछपवीने रोगी आणखी उशिरा पोचत आणि मृत्यूंचे प्रमाण आणखी वाढे. अफवा स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत होती. याला निवडीचा दोष म्हणतात: जे समोर आले ते कसे निवडले जाऊन आले, हे न बघता त्यांच्यावरून सगळ्यांविषयी बोलणे.

कामगारांनी एक प्रश्न विचारायला हवा होता. हॉस्पिटलात नेलेले किती मेले हे ठीक, पण प्लेग झालेले आणि घरीच राहिलेले किती मेले? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, आणि खरे सांगायचे तर सरकारजवळही धड नव्हते. लपवलेले रोगी मोजणार कोण? सरकारचा गुन्हा वेगळाच होता. ते लोकांना विश्वासात न घेता दंडुक्याने आरोग्य वाटत होते. दंडुका बघितलेल्या माणसाला आकडेवारी पटत नाही, तो आधी दंडुक्याचा हेतू शोधतो. राणीला काळजे हवी आहेत ही कथा त्या शोधाचे उत्तर होती. उत्तर चुकले, पण शोध बिनबुडाचा नव्हता.

दुसऱ्या बाजूचा प्रश्न विचारणारा माणूस त्याच ऑक्टोबरात मुंबईत आला होता. वल्देमार हाफकिन. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे शौर्य खरे, पण शौर्य म्हणजे पुरावा नव्हे. हाफकिनला प्लेग झाला नाही म्हणून लस लागू पडली असे म्हणणे म्हणजे पुन्हा तीच उडी. टोचून न घेतलेल्या लाखो मुंबईकरांनाही प्लेग झाला नव्हता. पुरावा मिळाला तो भायखळ्याच्या तुरुंगात. तिथे साथ शिरली तेव्हा जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचली, उरलेल्यांना टोचली नाही. छप्पर एक, भाकरी एक, उंदीर तेच. टोचलेल्यांत प्लेग कितीतरी कमी निघाला. आज या पद्धतीला तुलनागट म्हणतात, आणि आजचा चिकित्सक वाचक तिथेही बोट ठेवील: राजी झालेले कैदी मुळातच जास्त धडधाकट किंवा जास्त सावध असतील तर? म्हणून पुढच्या काळात कुणाला लस द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची रीत आली. तरीही आर्थर रोडच्या दगडांपासून भायखळ्याच्या वहीपर्यंत तीनेक महिन्यांचा आणि मैलभराचा प्रवास झाला, त्यात विचार करण्याची एक अख्खी पद्धत सामावली आहे.

१८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलली. तिथून लाखो मात्रा देशभर गेल्या. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली, त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते १९ ही दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी आयोग बसला. हाफकिनने लस टिकवण्याची पद्धत थोडी बदलली होती, कार्बोलिक ॲसिड वगळले होते. पद्धत बदलली, नंतर माणसे मेली. ठपका परळवर आला. हाफकिनला नोकरीतून दूर केले गेले. बाटली उघडताना गावात एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, या पुराव्याला वजन मिळायला कैक वर्षे गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे कलंक पुसला गेला. त्याची परळची जागा मात्र त्याला परत मिळाली नाही; तो कलकत्त्याला गेला. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव दिले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की आपण कावळ्याला धरतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. आर्थर रोडवरच्या निरक्षर कामगारांनी तेच केले आणि पदव्या लावलेल्या आयोगानेही तेच केले. फरक इतकाच की कामगारांच्या चुकीला आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि आयोगाच्या चुकीला अहवाल.

हाच कावळा गिरणगावात पुन्हा एकदा येऊन बसला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. म्हणून संपाने गिरण्या बुडवल्या, हे वाक्य इतक्यांदा छापले गेले आहे की ते आता कुणी तपासत नाही. आजारी गिरण्या ताब्यात घेण्याचा कायदा देशाने १९७४ मध्येच केला होता, म्हणजे आजार संपाआधीचा. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, मालकांनी नफा नव्या यंत्रांत घातला नव्हता, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भाव गिरणीतल्या कापडापेक्षा वर जात होता. संपाचा वाटा नव्हता असे माझे म्हणणे नाही. तो लांबला, मोडला, आणि त्याने मरणाऱ्याला धक्का दिला. पण अनेक कारणांतले एकच उचलून बाकीची दारे लावून घेणे, हा एककारणी दोष फार सोयीचा असतो. विशेषतः ज्यांची नावे इतर कारणांत येतात त्यांच्या. पुढे त्याच जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि जाहिरातींत लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले. नाव बदलून मत बदलण्याची ही युक्ती बिल्डरांनी शोधली नाही, पण इतक्या उघडपणे क्वचितच कुणी वापरली असेल.

निवडीच्या दोषाकडे क्षणभर परत येऊ, कारण लालबागमध्ये राहून तो टाळता येत नाही. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. ‘नवसाला पावणारा’ ही त्याची ख्याती. नवस फेडायला येणाऱ्यांच्या रांगेत कुणालाही विचारा, नवस पावल्याचेच सांगेल. सांगणार नाही तर काय? ज्यांचा पावला नाही ते फेडायला येतील कशाला? कुणाच्याही श्रद्धेचा उपमर्द न करता एवढे म्हणता येते की ती रांग श्रद्धेची साक्ष आहे, फळाची नाही. ग्रीसमधल्या दियागोरसला देवळात नेऊन, समुद्रात बुडता बुडता वाचलेल्यांनी वाहिलेली चित्रे दाखवली, तेव्हा त्याने विचारले म्हणतात, की प्रार्थना करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? वांद्र्याच्या माउंट मेरीपुढे मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो, आणि ‘आमच्या क्लासचे इतके विद्यार्थी पहिले आले’ अशी पानभर फोटोंची जाहिरात देणाऱ्यांना तर सर्वांत आधी. एकूण किती बसले होते, तेवढेच त्या पानावर नसते.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून दिल्लीत सुरू झालेली वार्ता काही तासांत फोनवरून मुंबईत पोचली. गिरगावापासून दादरपर्यंत देवळांपुढे वाट्या, चमचे घेऊन रांगा लागल्या. रांगेत डॉक्टर होते, बँकेतले साहेब होते, शिक्षक होते. चमचा सोंडेला लावला की दूध खरोखरच कमी होत होते; लोक खोटे बोलत नव्हते. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवला, तेव्हा ओघळ मूर्तीच्या अंगावरून खाली जाताना दिसला. पृष्ठताण दूध चमच्याच्या काठावरून ओढून घेतो आणि ते पातळ पापुद्र्यासारखे खाली उतरते. मला त्या दिवसातला सर्वांत बोधप्रद भाग दुधाचा वाटत नाही. ज्याच्या चमच्यातले दूध हलले नाही, त्याला काय सांगितले गेले, तो. तुझी श्रद्धा कमी पडली! दूध गेले तरी चमत्कार सिद्ध, नाही गेले तरी सिद्ध. कोणत्याही निकालाने जे खोटे पडू शकत नाही ते विधान तपासण्याजोगे उरत नाही, मग ते देवळातले असो, ज्योतिषाचे असो की शेअर बाजारातल्या ‘तज्ज्ञा’चे. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाल्याचे ऐकून लोकांनी बाटल्या भरून ते पाणी प्यायले, पोरांनाही पाजले. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी खाडीत मिसळून खारटपणा कमी होतो हे खरे. पण त्या मिठीत काय काय वाहते ते माहीमकरांइतके कुणाला ठाऊक असणार? तरी प्यायले. शेजारचा पितोय, हे कारण पुरले. पाठोपाठ मूर्ती पुन्हा दूध पिऊ लागल्या.

इथपर्यंतच्या चुका आपल्या आपण केलेल्या. त्या कुणी ठरवून करवून घेतल्या, की विषय माध्यमांचा होतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्याचे गुणगान करणारा तोच मजकूर, शब्दशः, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत निरनिराळ्या नावांखाली छापून आला, हे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर मराठी घरांत पोचला. खोटे सांगण्याची तिथे गरजच नव्हती. जाहिरातीवर बातमीचा सदरा चढवला की पुरे. वाचक जाहिरात सावधपणे वाचतो आणि बातमी विश्वासाने, त्या विश्वासाची ती विक्री होती.

दूरचित्रवाणीवरच्या चर्चेचे आणखी वेगळे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची मोडायची, ती वितंडा. रात्री नऊच्या खिडक्याखिडक्यांच्या पडद्यावर वाद शोधून सापडणार नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल विचारले की उत्तर येते, ‘तुमची सत्ता होती तेव्हा खड्डे नव्हते का?’ खड्डा जागच्या जागी. कुणी म्हणाले, मंडपाचा आवाज थोडा कमी ठेवा, की निवेदक गर्जतो, ‘म्हणजे तुम्हाला गणेशोत्सवच नको!’ न बोललेले वाक्य समोरच्याच्या तोंडी घालून त्याच वाक्याला झोडपणे, हे बुजगावण्याशी कुस्ती खेळणे झाले. शब्दाचा भलता अर्थ काढून फसवण्याला न्यायसूत्रे छल म्हणतात. एवढी हत्यारे ज्यांच्या घरातली, त्यांनी या चर्चा रोज रात्री जेवताना बघाव्यात, याचे मला नवल वाटते.

फोनवर सर्वांत जास्त फसवते ती कात्री. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे पोर उचलतात, पळतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीची होती. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावे असा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. उरलेल्यातली एकही चौकट बनावट नव्हती. मुले पळवल्याच्या अफवांच्या त्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणून, आलेला व्हिडिओ खरा आहे का, एवढेच विचारू नका. याच्या आधी आणि नंतर काय होते, ते विचारा.

आणि आता एल्फिन्स्टन रोड, कारण अफवेचा सर्वांत धूर्त उपयोग तिथे दिसतो. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळी साडेदहाची वेळ. अचानक पाऊस आला, लोक परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर थांबून राहिले, मागून लोकलमागून लोकल रिकामी होत गेली. चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. मग बचावलेल्या एका प्रवाशाच्या सांगण्यातून एक गोष्ट सगळीकडे पसरली: कुणा फूलवाल्याचा भारा पडला, तो ‘फूल गिर गया’ म्हणाला, लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकले आणि पळापळ झाली. दादरच्या फूलबाजारातून दसऱ्याचा झेंडू वाहून नेणारी माणसे त्या दिवशी असणारच, त्यामुळे गोष्ट पटकन पटते. खरीही असेल. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने दोष दिला तो पावसाला, गर्दीला आणि मोठी ओझी घेऊन चढणाऱ्यांना. कुणी अधिकारी जबाबदार ठरला नाही.

इथे कार्यकारणाची एक सोपी कसोटी लावता येते. फुलाचा भारा पडला नसता, तर तो जिना सुरक्षित होता का? रोज तिथून जाणारे कैक वर्षे सांगत होते की नव्हता. खासदारांनी पत्रे लिहिली होती, रुंद पुलाला मंजुरीही मिळालेली होती. आता कसोटी उलटी फिरवा. तीच आरोळी तिप्पट रुंद पुलावर उठली असती तर? धावपळ झाली असती, कदाचित काही जण पडले असते. २३ मेले नसते. म्हणजे फूल निमित्त होते आणि जिन्याची रुंदी कारण. गिरण्यांच्या काळातली दोन स्थानके गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांची माणसे वाहत होती, आणि जिना तोच होता. पण फुला-पुलाची गोष्ट चटपटीत आहे, ती सांगताना सांगणाऱ्यालाही मजा येते, आणि तिच्यात दोषी कोण, तर घाबरट गर्दी. १८९६ मध्ये अफवेने सरकारवर नसलेला गुन्हा लादला होता. २०१७ मध्ये अफवेची गोष्ट पुढे आल्याने असलेल्या गुन्ह्यावर पांघरूण पडण्याची सोय झाली. ‘लोक अफवांना बळी पडतात’ हे वाक्य सरकारी तोंडून ऐकले, की त्या वाक्यालाही हीच कसोटी लावावी.

उपाय म्हणून पुढे जे केले गेले त्यात फुलाचा कुठे संबंध नव्हता. लष्कराला बोलावले गेले, बॉम्बे सॅपर्सनी नवा पादचारी पूल बांधला, आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, दुर्घटनेनंतर पाच महिन्यांत, तो लोकांसाठी खुला झाला.